डॉक्टरांनी सांगल्यानी

भागीरथीबद्दल मी आजवर कुणापाशी बोललो नाही. विषय निघालाच तर मी तो बदलतो, आणि डॉक्टर माणसाला विषय बदलणं अगदी सोपं असतं. समोरच्याला जीभ दाखवायला सांगितली की झालं. पण आता मला विचारणारं कुणी राहिलेलं नाही, तिला ओळखणारेही फारसे उरले नसतील, आणि मी गेलो की ती कागदावर आहे तशीच राहील. कागदावर ती एक निष्काळजी आया आहे. तसं लिहिणारा मीच.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मालवणहून कट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आठ खाटांचा दवाखाना होता, तिथे मी डॉक्टर म्हणून आलो. गावाचं नाव सांगत नाही, सांगायला तोंड नाही. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, म्हणजे त्या मुलखाला परका नव्हतो. पण मुंबईत शिकून आल्यावर मी मालवणी बोलायचं सोडून दिलं होतं. पेशंट मालवणीत दुखणं सांगायचे आणि मी त्यांना पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो. त्यामुळे वजन पडतं, अशी माझी समजूत होती.

दवाखान्यात मी, सदाशिव नावाचा कंपाउंडर आणि भागीरथी, एवढीच माणसं. ती पन्नाशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि हात असे की सुया उकळायचं भांडं ती चुलीवरून फडक्याशिवाय उतरवायची. तारकर्लीच्या एका खलाशाची विधवा, यापलीकडे तिची माहिती मी कधी विचारली नाही. झाडणं, पुसणं, भांडी देणं आणि सुया उकळणं हे तिचं काम. ते ती चोख करायचीच. पण ते करता करता ती आणखी एक काम करायची, ते कुठल्या यादीत नव्हतं. ती पेशंटचा वास घ्यायची.

खरोखरच वास घ्यायची. माणूस पडवीत येऊन टेकला की ही त्याच्यासमोर उकिडवी बसणार, आधी त्याचे पाय बघणार, मग हात उलटेपालटे करणार, आणि मग "बघू रे बाबा" म्हणत त्याच्या केसांपाशी नाक नेणार. कोण न्याहारी न करता चार मैल चालून आला आहे, कुणाच्या घरात चूल पेटलेली नाही, कोण दारू पिऊन खोटं बोलतो आहे, हे तिला माझ्या नळीआधी कळलेलं असायचं. मी खुर्चीत बसून छातीला नळी लावत असताना ती मागून लादी पुसता पुसता म्हणायची, "हेना सकाळधरना काय खावक नाय, डॉक्टरानू." मी तिकडे लक्ष देत नसे. लादी पुसणारीचं ऐकून औषध लिहायचं म्हणजे माझ्या शिक्षणाची शोभाच.

कुठल्याही दवाखान्यात पुन्हा पुन्हा येणारी काही माणसं असतात. आता मरतो की घटकेने मरतो अशा अवस्थेत यायचं, एक इंजेक्शन घ्यायचं, उठून घरी जायचं, आणि आठ दिवसांनी पुन्हा तशाच अवस्थेत दारात. आमच्याकडे अशी दहाबारा माणसं होती. मी त्यांना 'मेंबर' म्हणायचो. सदाशिव तर पडवीत डोकावून "आज तीन मेंबर हजर" अशी वर्दी द्यायचा आणि आम्ही दोघे हसायचो. मेंबरांसाठी सदाशिवच्या कपाटात एक गुलाबी पाण्याची बाटली होती. तिच्यात औषध म्हणण्यासारखं काही नव्हतं.

भागीरथी या हसण्यात कधी सामील झाली नाही. एकदा मीच तिला डिवचलं, "काय गं, तुझे मेंबर आले वाटतं." तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "परत इलो तो खोटो नाय, डॉक्टरानू. आपला औषध खोटा." सदाशिव कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. मी तिला दुसरी खोली झाडायला पाठवलं.

आबा म्हणून एक म्हातारा होता. जन्म गलबतांवर काढलेला, जंजिऱ्यापासून कालिकतपर्यंत बंदरं तोंडपाठ, आणि आता पोटात कळ म्हणून दर तिसऱ्या दिवशी आमच्या पडवीत आडवा. मी त्याला माझ्याजवळची सगळी मिक्श्चरं देऊन संपवली. शेवटी कागदावर 'वार्धक्य' असं लिहून मोकळा झालो. एका दुपारी भागीरथीने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि खांबाआडून बघत राहिली. आबाने भाकरी तोंडात फिरवली, इकडेतिकडे पाहिलं आणि गोळा तसाच गिळला. तोंडात दात नावाला नव्हता. सुनेला ते सांगायची त्याला लाज वाटत होती, कारण ज्याने वादळात शीड सांभाळलं त्याने पेज मागायची म्हणजे काय. गोळेच्या गोळे गिळून पोट दुखलं नसतं तरच नवल.

ती संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेली आणि सुनेला म्हणाली, "डॉक्टरांनी सांगल्यानी, हेंका तीन म्हयने मऊ भात आणि पेज. दुसरा कायएक देव नये." मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी आबाचा मुलगा नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "तुमची पेज लागू पडली, डॉक्टरसायब." मी एक क्षण गोंधळलो. मग मान हलवली आणि म्हणालो, "पथ्य पाळा." नारळ ठेवून घेतला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, आणि मला ते चांगलं जमलं.

त्यानंतर एक बाई यायची. तिला फीट यायची ती फक्त मे महिन्यात. दातखीळ, हातपाय ताठ, चार माणसं उचलून आणायची. घरचे म्हणत, बाहेरचं काही लागलं आहे. मी म्हणे, मेंदूचं काही असेल. भागीरथीने तिचे तळहात उलटे केले आणि तिच्या सासूला विचारलं, "मे म्हयन्यात मुंबयचे किती येतत तुमच्याकडे?" अठरा माणसं यायची. अठरा माणसांच्या आंघोळीचं पाणी त्या एकटीने खोल विहिरीतून ओढायचं होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. पुन्हा तेच. "डॉक्टरांनी सांगल्यानी, हिच्या डोक्याची शीर नाजूक आसा. रहाटाक हात लावूक देव नये, नाय तर जितीजाग्ती रवाची नाय." त्या मे महिन्यात अठरा मुंबईकरांनी आपापलं पाणी ओढलं आणि बाईला फीट आली नाही.

हे मला सदाशिवकडून कळलं. मी भागीरथीला बोलावून विचारलं, "माझ्या नावाने परस्पर औषध देतेस?"

"औषध खंय दिलंय? पाणी ओढू नको म्हणान सांगलंय."

"मग तुझ्या नावाने सांग ना. माझं नाव कशाला?"

ती हसली. दवाखान्यात तिला हसताना मी दोनतीनदाच पाहिलं असेल. म्हणाली, "माझ्या नावान कोण आयकतलो, डॉक्टरानू? तुमचा नाव उंबऱ्याच्या आत जाता. माझा खळ्यातच रवता."

खळं म्हणजे आमच्याकडचं सारवलेलं अंगण. मला त्या वाक्याने गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. मी तिला रागावलो नाही. फुकटात नाव होत होतं आणि ते मला आवडत होतं. पुढच्या वर्षभरात माझ्या नावाने अशा किती गोष्टी सांगितल्या गेल्या, मला माहीत नाही. मेंबर कमी होत होते. कमी का होताहेत, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग एक साहेब तपासणीला आले. केसपेपर चाळता चाळता म्हणाले, "तुमच्या आयेबद्दल गावात बरंच ऐकलं. माणसं म्हणतात, डॉक्टर बरे आहेत, पण भागीबाय आहे का ते आधी बघून जा." साहेब कौतुकाने बोलले होते. सदाशिव पटकन म्हणाला, "आमच्याकडे दोन डॉक्टर आहेत, साहेब." सगळे हसले. मीही हसलो. पण तेव्हापासून पडवीत कुणी "बाय खंय आसा?" असं विचारलं की मी आतून मोठ्याने पुढच्या पेशंटला हाक मारायचो. लहान माणसाचा मत्सरही लहानसाच असतो, पण तो रोज थोडा थोडा वाढतो. आता मला हे दिसतं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होतो.

आता कुसुमचं सांगायला हवं.

गावात तात्या म्हणून काजूचे व्यापारी होते. शब्दाला मान असलेला, देवळाच्या कामात पुढे असणारा माणूस. मी एकटा राहत होतो, म्हणून रविवारचं जेवण त्यांच्याकडे असायचं. कुसुम त्यांची सून. वीस-एकवीस वर्षांची, माहेर तारकर्लीचं, नवरा मुंबईला गोदीत. घरामागच्या परसात तात्यांची काजूची भट्टी होती. बिया भाजायला लागलं की सालातलं तेल पेट घ्यायचं आणि परसात डोळे उघडता येणार नाहीत असा धूर भरायचा. त्या धुरात बसून घरच्या आणि आजूबाजूच्या बायका बिया फोडायच्या.

कुसुमला श्वास लागायचा. पहिल्यांदा तिला बैलगाडीतून आणली तेव्हा ती आमच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभी होती, बसताच येत नव्हतं. मी ॲड्रेनॅलीनचं इंजेक्शन दिलं, पाव तासात छाती सुटली, ती घरी गेली. आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. चौथ्या वेळी सदाशिव म्हणाला, "नवी मेंबर." मी तिच्या कागदावर लिहिलं, 'मानसिक. नवरा परगावी.' लिहिताना मला आपण फार खोल पाहिलं असं वाटलं होतं.

त्या दिवशी भागीरथी मला आत येऊन म्हणाली, "डॉक्टरानू, हिच्या केसांका भट्टीचो वास येता. भट्टी पेटता त्या दिसाच ही येता. भट्टी बंद आसली की बरी आसता. हात बघा तिचे."

मी म्हणालो, "तुझ्या नाकावर दवाखाना चालत नाही."

हात मी बघितले नाहीत. मी दर रविवारी त्या हातांनी वाढलेलं जेवत होतो. ती पानात सोलकढी वाढून जायची आणि मी तात्यांशी मुंबईच्या गोष्टी बोलत असायचो.

पण ती आत येऊन बोलली तेव्हाच मला कळलं होतं. हेच मला लिहायचं आहे, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं आहे. धूर आणि श्वास, यात न समजण्यासारखं काय होतं? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचावं. मला सुचलं नव्हतं आणि तिला सुचलं होतं, एवढ्यासाठी मी ते न कळल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात कुसुम आली नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. रविवारी पानावर वाढायलाही दुसरंच कुणी होतं. मी चौकशी केली नाही. तीन आठवड्यांनी एका सकाळी तात्या दवाखान्यात आले. बरोबर गावातले दोघे-तिघे. पडवीत दहाबारा पेशंट बसलेले. भागीरथी दाराशी गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. एरवी माझ्याशी मालवणीत बोलणारे तात्या त्या दिवशी कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलले.

"डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं. आमच्या सुनेला पाऊस पडेपर्यंत माहेरी ठेवा, भट्टीकडे फिरकू देऊ नका, असं तुम्ही सांगितलंत म्हणे. ही बाई घरी येऊन सांगून गेली. आम्ही लगेच पाठवली. तुमचा शब्द मोडायचा नाही. पण लोक आता म्हणताहेत, तात्याने सुनेला हाकलली. हंगामाचे दिवस, हात कमी पडताहेत, त्याचं एवढं नाही. पण तुम्ही रविवारी आमच्याकडे जेवलात आणि एका शब्दाने बोलला नाहीत. म्हणून विचारतो. तुम्ही सांगितलं होतंत?"

सदाशिव दाराशी येऊन उभा राहिला. मी भागीरथीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भांड्यातल्या पाण्याकडे बघत होती. 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. औषध म्हणून ते बरोबर होतं, माणुसकी म्हणूनही बरोबर होतं, आणि आबाच्या पेजेच्या वेळी ते मला किती सहज जमलं होतं.

मी म्हणालो, "नाही. मी असं काही सांगितलेलं नाही."

"म्हणजे हिने आपल्या मनचं सांगितलं?"

"तिला समज देतो," मी म्हणालो.

तात्या गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढलेला नव्हता. "माका काय तां बोला, डॉक्टरानू. कामावरना काढा. पण तेंका सांगा, चेडवाक माहेराक रवांदे. तीन आठवडे एकदाय श्वास लागाक नाय तिका."

मी म्हणालो, "तू आया आहेस. आयेसारखी राहा."

दुसऱ्या दिवशी कुसुमला परत आणलं. दहा दिवसांनी ती एकदा येऊन इंजेक्शन घेऊन गेली. त्यानंतर आलीच नाही आणि मी मनात म्हटलं, बघा, मनाचंच होतं. खरी गोष्ट मला नंतर कळली. घरात तिची सासू म्हणायला लागली होती की डॉक्टरांनी काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणजे हिला काही झालेलंच नाही, कामाचा कंटाळा आहे. श्वास लागला की तिला कोपऱ्यात बसवून ठेवायचे. मी भर पडवीत दिलेलं प्रशस्तिपत्र होतं ना त्यांच्याकडे.

एका दुपारी गाडी आली. तिला उचलून आत घेतली तेव्हा ओठ निळे पडले होते. मी इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं. भागीरथी तिच्या पाठीमागे बसून तिला छातीशी धरून होती आणि कानाशी सारखं म्हणत होती, "घे गो बाय, श्वास घे, इल्लो इल्लो घे." अर्ध्या तासात श्वास थांबला. मी नाडी सोडली आणि तेव्हा, पहिल्यांदा, तिचा हात पाहिला. काजूच्या तेलाने बोटांची टोकं काळी झाली होती, नखांच्या कडेची कातडी सोलून निघाली होती. भागीरथीने तो हात माझ्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली झाकला.

तात्या पडवीतल्या बाकावर बसले होते. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याने माझ्या शब्दावर सुनेला माहेरी पाठवली होती आणि माझ्याच शब्दावर परत आणली होती. सगळ्यांच्या देखत त्याने मला विचारलं, "डॉक्टरानू, खरा सांगा. माहेराक रवली आसती तर वाचली आसती?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो मला आजही ठाऊक नाही. खरं बोलणार होतो असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो, पण माझ्या सांगण्यावर मी तरी का विश्वास ठेवावा?

माझ्याआधी भागीरथी बोलली. "तात्यानू, डॉक्टरांका कायएक म्हायत नव्हता. माका वासान कळला होता, पण मी तेंका सांगूकच नाय. आपल्याच मनान तुमच्याकडे इलंय. तेंका सांगलं आसतंय तर तेनी औषध केला आसता. चूक माझी आसा."

तात्या उठले आणि तिच्या अंगावर धावून गेले. लोकांनी धरलं. ती जागची हलली नाही. मी मूग गिळून उभा होतो.

नंतर, पडवी रिकामी झाल्यावर, मी तिला विचारलं की असं का केलंस. ती लादीवरचं पाणी पुसत होती. म्हणाली, "थंय बारा माणसां बसलेली. डॉक्टरांका म्हायत आसान तेनी मराक दिल्यानी, असा तेंच्या मनात बसला तर उद्या कोण येतलो हंय? ह्या गावात दुसरो डॉक्टर आसा काय?" पुसून झाल्यावर तिने फडकं पिळलं आणि वाळत घातलं.

तात्यांनी तक्रार केली. वरून माझ्याकडे खुलासा मागितला. मी तीन दिवस कागद पुढे घेऊन बसलो आणि चौथ्या दिवशी लिहिलं, 'सदर आयेने रुग्णाविषयीची आवश्यक माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यास दिली नाही व परस्पर सल्ला दिला.' खाली सही केली. मृत्यूच्या दाखल्यावर 'दम्याचा जुना विकार' असं लिहिलं. धुराचा उल्लेख कुठेच नाही. भागीरथीला कामावरून कमी केलं. जायच्या दिवशी तिने सुयांचं भांडं घासून पालथं घातलं, सदाशिवला कपाटाची किल्ली दिली आणि मला म्हणाली, "येतंय, डॉक्टरानू. आबाक बघा अधनंमधनं." त्या महिन्यात तिच्याशी दोन गोष्टी बोलायला येणारा आबाही यायचा थांबला. मेंबर सगळेच थांबले. माझी पडवी साफ झाली.

पुढे माझी वेंगुर्ल्याला बदली झाली. वर्ष-सव्वा वर्षाने मालवणला काही काम निघालं, तेव्हा मी वाट वाकडी करून त्या गावात उतरलो. भागीरथी तिथेच एका खोपटात राहत होती. खळ्यात चटयांवर आठदहा माणसं बसली होती आणि मला एकेक चेहरा ओळखू आला. आबा होता. मे महिन्यातली बाई होती. भागीरथी एका पोराच्या पायाला पाला बांधत होती. मला बघून म्हणाली, "डॉक्टर इले. बसा." माणसांनी सरकून जागा केली. मी बूट काढून त्यांच्या रांगेत बसलो. कुणी मला पुढे जा म्हणालं नाही. माझी पाळी आली तेव्हा ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काय होता तुमका?"

कित्येक वर्षांत न बोललेली भाषा माझ्या तोंडात आली. "तू सांगल्लंस तां खरा होता. माका तेव्हाच कळला होता. मी खोटा बोललंय."

"तां माका म्हायत आसा," ती म्हणाली. तिने हाताला लागलेला पाला पुसला. मग म्हणाली, "माका सांगान काय उपेग? तात्यांका सांगा. झिलाचा दुसरा लगीन केल्यानी. नवी सून त्याच भट्टीवर बसता आणि धा दिस झाले खोकता. कुसमाची छातीच नाजूक होती, असा घरात ठरवल्यानी हा. मी दोनदा गेलंय. माका गडग्याच्या आत घेणत नाय. तुमी जावा."

मी गेलो. वाटेवरच धुराचा वास आला. तात्या माझ्या येण्याने भारावून गेले. चहा आणायला सांगितला. चहा घेऊन आली ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी, आणि या वेळी मी हात पाहिले. ती आत गेल्यावर मी तात्यांना सांगितलं, अगदी स्पष्ट, की ही भट्टी घरालगत राहिली आणि ही मुलगी तिथे बसली तर तीही कुसुमच्या वाटेने जाईल. कुसुम धुरानेच गेली, छाती नाजूक होती म्हणून नव्हे. तात्या उठले, परसदारापर्यंत जाऊन आले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, भट्टी पलीकडे माळावर नेतो, सून घरात राहील. तुमचा शब्द. आणि डोळे पुसून म्हणाले, "त्या आयेन ह्या तेव्हाच तुमच्या कानार घातला आसता तर माझा चेडू वाचला आसता, डॉक्टरानू. तुमी असताना घात झालो."

बोलायची जागा ती होती. त्याहून मोकळी जागा मला जन्मात मिळाली नसती. माझ्या हातात कप होता. मी चहा प्यायलो आणि म्हणालो, "झालं ते झालं, तात्या."

परत रस्त्यावर आलो तर भागीरथी आपल्या खोपटाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून उभी होती. माझ्यासाठीच थांबली होती.

"आयकल्यानी?"

"हो. भट्टी माळावर नेणार. सून घरात राहणार."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. मग ती तशीच उभी राहिली, एस.टी. यायला अजून वेळ होता, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मी रुमालाने कपाळ पुसलं. तिच्या खळ्यातून कुणीतरी "बाय गे" म्हणून हाक मारली आणि ती वळून गेली. आणखी काय बोललात, असं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.